बोराटीचा बुंधा

१

आधी टोपी दिसली. विहिरीच्या काळ्या पाण्यावर पांढरी टोपी तरंगत होती. आदल्या दिवशीच धुतलेली, इस्त्री मोडू नये म्हणून मास्तरांनी दिवसभर हातात धरलेली. बाबाराव मास्तर तिच्या खाली, तळाशी होते.

तांड्यावरच्या फुलचंदनं कमरेला दोर बांधला, कोणी सांगायची वाट न बघता खाली उतरला आणि मास्तरांना खांद्यावर घेऊन वर आला. काठावर ठेवलं, आपल्या डोक्याचा पटका सोडला आणि त्यांचं तोंड पुसलं. दुपारपर्यंत त्याच फुलचंदच्या हाताला दोर बांधला गेला. तो माझ्यामुळे. म्हणून हे सगळं नीट सांगायला हवं.

दरवर्षी पौषात आम्ही यवतमाळची पाच-सहा माणसं चार दिवस पायी हिंडायला निघायचो. चालायचं आणि खायचं, दुसरा धंदा नाही. ही टूम मास्तरांचीच. "देवाला पायी जाणारे पुष्कळ," म्हणायचे, "जेवायला पायी जाणारे आपणच." बायको गेलेली, पेन्शन तुटपुंजी, डोळे मंद, आणि भूक मात्र तरण्या गड्याची. माझी यवतमाळला खानावळ. त्यामुळे मुक्काम निवडायचं काम माझ्याकडे. आठ दिवस आधी मी एकटी जाऊन यायची, पाणी बघायची, झोपायची जमीन बघायची, आणि जेवून बघायची. मी, वच्छलाबाईनं, होय म्हटलं की मंडळी डोळे मिटून निघायची.

त्या वर्षी, एकसष्ट साली, घाटंजीच्या पुढं डोंगराच्या पोटात दोन ठिकाणं होती. एक मारोतरावांचं वावरातलं घर. पक्क्या विटांचं, कौलारू, गावापासून लांब. त्यांची बायको जमनाबाई मी जेवत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. भाजीत मीठ विसरली होती. मी पोटभर जेवले, उठताना निरोपाचं गोड बोलून निघाले. दुसरं ठिकाण धावजी नायकाचा तांडा. तिथं त्याची सून, फुलचंदची बायको रुपीबाई. हिनं ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि वाटलेली लसूण समोर ठेवली आणि सरळ शेळीचं दूध काढायला निघून गेली. मी भाकर मागून घ्यायला तिच्यामागं गोठ्यात गेले. मुक्काम ठरला.

आमच्यातले रामराव कचेरीत हेडक्लार्क. ते बिथरले. "लमाणांच्या तांड्यावर राहायचं? लोक काय म्हणतील बाई?"

"लोक उपाशी राहतील," मास्तर म्हणाले, "आपण जेवू."

ठरलेल्या शनिवारी मी सामान घेऊन सकाळीच तांड्यावर पोचले. मंडळी मागून पायी येणार होती. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "पळसापाशी दोन वाटा फुटतात. जिच्यावर बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकली असेल ती सोडा, ती मारोतरावांच्या वावरात जाते. मोकळी असेल ती तांड्याची."

रामराव आणि दोघी शिक्षिका ऊन असतानाच आले. मास्तर ओढ्यावर आंघोळीला मागं राहिले होते. ते आलेच नाहीत.

२

जमादार भीमसिंग सायकल हाताशी धरून आला. दमलेला, मिशा पिकलेल्या, चांगला माणूस. पंचनामा झाला. मग तो पळसापाशी येऊन उभा राहिला. आमच्यामागं तांडा, मारोतराव, गावातली दहा-बारा माणसं.

मारोतरावांच्या वावराच्या तोंडाशी बोराटी अजून तशीच आडवी होती; सकाळी सगळे तांड्याकडून बांध ओलांडून विहिरीवर गेले होते. आत वाटेच्या दोन्ही अंगांना फुलोऱ्यावर आलेला हरभरा, पुढं पुरुषभर उंच तूर, आणि तुरीत, वाटेपासून वीस पावलांवर, बिनकठड्याची विहीर.

"परका माणूस," जमादार म्हणाला, "बंद वाट सोडून आतमंदी कायले जाईन?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शेतकऱ्याची लेक, आणि पुड्याच्या कागदांवरच्या रहस्यकथा वाचून वाचून आपल्यालाही डोकं आहे असा माझा समज झालेला.

"जमादार, या फांदीचा बुंधा बघा," मी म्हटलं. "शेतकरी बोराटी आतून टाकतो. बुंधा धरून आपल्यामागं वावरात ओढून घेतो. काटे रस्त्याकडे, बुंधा आत. म्हणजे ढोर काट्यांना भिऊन फिरतं, आणि सकाळी त्याला स्वतःला हात न फोडता काढता येते. हा बुंधा रस्त्याकडे आहे. ही फांदी ज्यानं शेवटची टाकली, तो बाहेर उभा होता."

गर्दीत कोणीतरी "व्वा" म्हणालं. मला बरं वाटलं. देवा शपथ, त्या क्षणी, मास्तर चादरीखाली असताना, मला बरं वाटलं.

जमादारानं बुंध्याकडे पाह्यलं. मग त्यानं मान वळवली, आणि रस्ता जिकडे जात होता तिकडे पाह्यलं. रस्ता तांड्याकडे जात होता.

"मंजे मास्तरले आत नेलं, अन् भाईर येऊन वाट बंद केली," तो सावकाश म्हणाला. "मास्तरची झोळी कोठी आहे?"

झोळी फुलचंदच्या बैलबंडीत निघाली. आत मास्तरांचं हातघड्याळ.

"त्याईनंच देल्ली!" फुलचंद म्हणाला. "मी वढ्यावरून बिस्तरे आनून राह्यलो होतो. मास्तर म्हणे, घे बापा, तेवढंच खांद्याले हलकं. मले घड्याळाचं काय मालूम?"

"पाह्यलं कोनी?"

कोणी पाह्यलं नव्हतं. दोर आला. धावजी नायक खाली बसला आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "बैल हरपो का मानूस, पोलीस पहिले तांड्यातच येतेत."

रुपीबाई रडली नाही. तिनं माझ्याकडे पाह्यलं. आठ दिवसांपूर्वी मी तिच्या गोठ्यात भाकर मागायला गेले होते, तेव्हाही तिनं असंच थोडं नवलानं पाह्यलं होतं.

३

मंडळी मास्तरांना घेऊन बैलगाडीनं परत निघाली. मी मागं राहिले. तांड्यावर मला कोणी बस म्हटलं नाही, उठ म्हटलं नाही.

निघण्याआधी मी रामरावांना बाजूला घेतलं. त्यांच्या उजव्या हातावर ताजे ओरखडे होते, आणि ते मघापासून तो हात उपरण्याखाली ठेवून होते.

"हे काय?"

"बोरं तोडली वाटेत. त्या दोघींना विचारा." मग त्यांचा आवाज चढला. "माझ्यावर येता का आता, बाई? तांडा कोणी निवडला? मी निवडला?"

"मी निवडला. म्हणूनच विचारते. तुम्ही पळसापाशी आलात तेव्हा बोराटी कुठं होती?"

"वावराच्या तोंडावर. तुम्ही सांगितली तशीच. ऊन होतं, चार-साडेचार वाजले असतील. तिघंही बरोबर होतो." दोघी शिक्षिकांनी माना हलवल्या. रामरावांनी उपरणं हातावर सारखं केलं. "ओढ्यावर मी मास्तरांना म्हटलं होतं, चला, आपण दोघं मारोतरावाकडे जाऊ. खोटं कशाला बोलू."

"मग?"

"हसले. म्हणाले, रामराव, तुमची जात तुमच्या पोटाला लखलाभ. माझं पोट तांड्याकडे निघालंय." आणि कचेरीतला तो करडा माणूस उपरण्यात तोंड घालून रडायला लागला.

ते गेल्यावर मी पळसाखाली बसून विचार केला. मास्तरांना तांड्यावरच यायचं होतं. त्यांना एकच खूण माहीत होती, मी सांगितलेली. मोकळी ती तांड्याची. ते वावरात शिरले, म्हणजे तेव्हा वावराची वाट मोकळी होती. साडेचारला बोराटी तिथं होती, सकाळीही होती. मधे कधीतरी ती नव्हती.

तांड्यावर जाऊन मी रुपीबाईला विचारलं. दिवेलागणीला मीच तिला मास्तरांना बघायला पळसापर्यंत पाठवलं होतं.

"तू गेलीस तेव्हा बोराटी कुठं होती गं?"

ती जात्यापाशी बसली होती, पण दळत नव्हती. "तिथंच."

"तिथंच म्हणजे?"

"जिथं असते तिथं." आणि मग, न राहवून, "आता अजून काय काढता बाई? मालक गेला. सासरा हाय, त्यालेही न्या."

दुसऱ्या दिवशी जमादार पुन्हा आला, साक्षी लिहून घ्यायला. मी झोळीचं काढलं. "घड्याळ ओल्या धोतराच्या घडीत होतं की नाही? मास्तर आंघोळीला घड्याळ काढत आणि पिळलेल्या धोतरात गुंडाळत, सगळी मंडळी सांगतील. चोर कधी घडी घालून ठेवतो का?"

"हे फौजदारसाहेबाले सांगजा. ऐकतीन." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. "पर हे पन हाय बाईजी. डाक्टरनं देल्लं."

पुडीत बोराटीचा काटा होता. अर्धा, वाकडा.

"मास्तरच्या उजव्या तळहातात मोडून होता. अन् बाही तीन जागी फाटली. मंजे वाट बंदच होती. वढून नेलं त्याले बोराटीवरून."

मी त्या काट्याकडे बघत राहिले. वाट मोकळी असल्याशिवाय मास्तर आत जाणार नाहीत. वाट बंद असल्याशिवाय काटा लागणार नाही. दोन्ही एकदम खरं कसं?

४

मारोतराव ओट्यावर बसून सुतळी वळत होते. मला बघून उठले नाहीत.

"मी बाजारात गेलतो, दिवे लागल्यावर मांगच्या बांधावरून आलो. मले काही मालूम नाई. तांड्यावाल्याईनं केलं, अन् विहीर माही बदनाम. कठडा कठडा करून राह्यले सारे. कठडा काय फुकट होते?"

"जमनाबाई कुठं आहेत?"

"मांगं. पन तिले काय इचारता? थे वावराच्या भाईर जात नाई."

मी मागच्या अंगणात गेले. अंगण शेणानं सारवलेलं होतं, कडेनं रांगोळी, पायांनी अर्धी पुसलेली. चुलीपासून दूर, मोकळ्यावर, राखेचं मोठं पांढरं वर्तुळ होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं.

वऱ्हाडातल्या बाईला ती राख ओळखू येते. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजले की अशी राख पडते. आणि रोडगे दोन माणसांसाठी कोणी करत नाही. नवस फेडायचा असेल, वावरात दहा माणसं जेवणार असतील, तर करतात. मी गव्हाणीत डोकावले. कडब्यात फुटलेले रोडगे पडले होते, वांग्याच्या रश्श्यात माखलेले. बैलांनाही ते संपले नव्हते.

जमनाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. नवं लुगडं, दोन दिवस अंगावरच राहिलेलं, चुरगळलेलं.

"शनिवारी रोडगे केले होते, जमनाबाई?"

"हो."

"किती?"

"चाळीस."

"दोन माणसांना?"

तिनं माझ्याकडे असं पाह्यलं, की वेडी मी आहे की ती, हे तिला ठरवता येईना.

"तुमीच तं पाच मानसं म्हणलं होतं न," ती म्हणाली.

५

मला आठवत नव्हतं. खोटं बोललेलं माणसाला आठवतं. गोड बोललेलं आठवत नाही.

तिला मात्र शब्दन् शब्द पाठ होता. मी पाटावरून उठताना ती म्हणाली होती, "मंग येसान न?" मी म्हटलं होतं, "येऊ की. पौषातला दुसरा शनिवार. पाच माणसं." तिनं पुन्हा विचारलं होतं, "नक्की?" आणि मी, तिच्या घरचं अन्न पोटात असताना तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून, हात धुता धुता म्हटलं होतं, "नक्की."

"आठ वर्षं झाले मले ह्या वावरात," जमनाबाई सांगत होती. "लेकरू नाई, बाळ नाई. सोयरे येत नाईत, ह्यायचं तोंड असं. तुमी म्हणल्यापासून मी रोज आंगन सारवून राह्यली होती. ह्यायले म्हणलं, बाजारातून गूळ आना, पाव्हने येनार हायत. हासले. म्हणे, तुह्याकडं कोन येते वं?"

"आणि बोराटी?"

"रोडगे इस्तवात टाकले अन् धावत गेली तोंडापर्यंत. पाव्हने येतीन अन् वाट बंद दिसन, तं बरं दिसन का? बोराटी वढली अन् फेकली बाजूले. कुठी फेकली पाह्यलंही नाई, रोडगे जळतीन म्हून पयत आली." तिनं राखेकडे पाह्यलं. "मंग बसली वाट पाहत. दिवे लागले. हे आले अन् म्हणे, तुहे पाव्हने तांड्यावर जेवून राह्यले. मी सारं उचललं अन् बैलाईले टाकलं."

"बोराटी परत टाकली नाही?"

"मन नाई झालं. पाहाटे पाह्यलं तं जाग्यावर होती. म्हणलं ह्यायनंच टाकली असन. अन् मंग तुमी थे बुंध्याचं सांगतलं." तिनं माझं मनगट धरलं. "बाई, म्या वाट उघडली, मंजे म्याच मारलं का मास्तरले?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही."

पळसाकडे येताना मी वाटेत दोनदा थांबले. कारण आता दोन्ही एकदम खरं होऊ शकत होतं, आणि कसं ते मला दिसत होतं.

जमनाबाईनं फेकलेली बोराटी तांड्याच्या वाटेवर आडवी पडली. दुसरीकडे जागाच नाही. मास्तर आले, अंधूक उजेडात. एक वाट बंद, एक मोकळी. बाईनं सांगितलंय, मोकळी ती तांड्याची. ते वावरात शिरले. तसेच सरळ गेले असते, तर पाव कोसावर जमनाबाईच्या अंगणात पोचले असते. पण त्यांच्या मागून कोणीतरी पळसापाशी आलं. त्या दिवेलागणीला तिथं गेलेलं एकच माणूस होतं, मी पाठवलेलं. रुपीबाईनं बघितलं, आपल्या तांड्याच्या वाटेवर काटे. तिनं फांदी उचलली आणि जिथली तिथं, वावराच्या तोंडावर टाकली. बाहेर उभं राहून. बुंधा रस्त्याकडे.

मग तिनं मास्तरांना हाक मारली असणार, मीच सांगितलं होतं हाक मारायला. हाक ऐकून मास्तर वळले, परत तोंडापाशी आले. आणि आता तिथं बोराटी. हातानं चाचपलं, काटा मोडला, बाही फाटली. मंद डोळ्यांच्या माणसाला काय वाटेल? हे ते तोंड नव्हे. आपण आलो ती वाट मोकळी होती. ती इथंच बाजूला कुठंतरी असेल. मग ते वाट सोडून बांधाच्या कडेनं शोधत निघाले. तुरीतून. वीस पावलं.

कोणी कोणाला मारलं नव्हतं. एकीनं पाहुण्यांसाठी वाट उघडली, दुसरीनं वावराची राखण म्हणून बंद केली. दोघींना एका दिवशी एकाच पाहुण्याची वाट बघायला मी लावलं होतं.

६

फुलचंदला सोडवायचं तर जमनाबाईनं बोलायला हवं होतं. मारोतरावांनी दार अडवलं. ती त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर आली. "मले आठ वर्षांत पहिल्यांदा कोनी बलावलं," एवढंच बोलली आणि बंडीत बसली. धावजी आणि रुपीबाई मागून चालत आले.

ठाण्यातला फौजदार तरुण होता, चष्मेवाला, टाक दौतीत बुडवून स्वतःच लिहून घेणारा. पुडी त्याच्या टेबलावर होती. मी झोळीचं सांगितलं, रामरावांचं सांगितलं, माझं 'नक्की' सांगितलं. ते सांगताना जमनाबाईकडे बघितलं नाही. तिनं तिचं सांगितलं, अडखळत, पण सगळं.

"ठीक," फौजदार म्हणाला. "म्हणजे वाट उघडी होती, गृहस्थ चुकून आत गेले. मग फांदी परत कोणी टाकली?"

हे तो विचारणार हे मला ठाऊक होतं. रात्रभर मी त्याचं उत्तर घोटलं होतं.

"मी," मी म्हटलं. "मास्तरांना बघायला मीच गेले होते पळसापाशी. तांड्याच्या वाटेवर काटे दिसले, उचलून बाजूला टाकले."

टाक थांबला. "मग बुंध्याचा शोध लावलात तेव्हा का नाही बोललात?"

"लाजले."

"बाई." मागून रुपीबाईचा आवाज आला. "कायले खोटं बोलता? तुमी तं चुलीपाशी होत्या. म्या टाकली."

"तू गप्प बस गं."

"काहून गप बसू? माहा मानूस आत हाय." ती पुढं आली, टेबलापर्यंत. "साहेब, म्या टाकली. आमच्या वाटेवर काटे टाकले, म्हणलं कोनाचं काम हे. राग आला. वढली अन् ज्याची त्याच्या तोंडावर टाकली. मंग बाईनं बुंधा दाखवला तं भेव वाटलं, सासरा म्हणे बोलू नको. आता बोलतो. यात लपवासारखं काय हाय?"

तिनं हे मला विचारलं होतं. मी खाली बघितलं.

"हाक मारली होतीस?" फौजदारानं विचारलं.

"मारली न. मास्तर, मास्तर, म्हणून. तुरीतून कोनाचा तरी आवाज आलता. म्हणलं मारोतराव असन, थो आमाले पाह्यलं का शिव्या देते. म्हून पयाली."

फौजदारानं पुडी उघडली, काटा बोटानं उलटा केला, आणि लिहायला लागला. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त लिहिताना मोठ्यानं बोलायची सवय होती.

"सदर इसम हाक ऐकून परत फिरला... तोवर फांदी टाकलेली असल्याने... वाट बंद आढळून..."

जमादारानं घसा खाकरला. फौजदारानं वर पाह्यलं आणि गप्प झाला. पण झालं ते झालं. रुपीबाई त्या काट्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, ऐकू येत होतं. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं. 

"अपघात," फौजदार म्हणाला, जरा खालच्या आवाजात. "सोडून द्या त्याला."

फुलचंद बाहेर आला. गाल सुजलेला, पण हसत होता. आधी बापाच्या पाया पडला. मग माझ्या पाया पडायला आला. मी मागं सरले.

"तुमीच सोडवलं न बाई? जमादार म्हणे."

जमनाबाईला घेऊन बंडी पुढं गेली. धावजी तिच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला. आम्ही तिघं पायी निघालो. फुलचंद मधे, हातवारे करत बोलत होता. कोठडीतल्या ढेकणांबद्दल, जमादारानं चोरून दिलेल्या बिडीबद्दल. आपल्या शेळीला कोणी पाला घातला की नाही, घरी काय रांधलंय. मधेच त्यानं पाठीमागं वळून विचारलं, "हिले काय झालं वं बाई? मी तं सुटलो."

मी पदर सावरत समोर बघून चालत राहिले.  

मग रुपीबाईच बोलली. त्यांच्या बोलीत. गोर बोली मला येत नाही. फार शब्द नव्हते, सात किंवा आठ. चालता चालताच बोलली, समोर बघत.

फुलचंदचे हात खाली आले. चार पावलं तो तसाच चालला. मग रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला. ती त्याच्याशेजारी उभी राहिली, त्याला हात न लावता.

मी त्यांच्या बाजूनं पुढं गेले. थांबावंसं वाटत होतं. पण त्या दोघांपाशी उभं राहायला मला कोणी बोलावलं नव्हतं.